राहून गेलेला अर्धा

माझ्या स्वभावात क्षमा नाही. ताई म्हणते, शाळेत एका मुलीनं माझी पेन्सिल मोडली होती, तिचं आडनाव मला अजून आठवतं. खरं आहे. मी विसरत नाही आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही. लोक म्हणतात, राग धरून ठेवला की आपलंच रक्त आटतं. माझं रक्त अगदी छान आहे, गेल्याच महिन्यात तपासून घेतलं.

त्यामुळे ती फाईल माझ्या टेबलावर आली आणि वरचं नाव मी वाचलं, तेव्हा मला आनंद झाला. उगाच खोटं कशाला बोलू? 

आमच्या कंपनीचं काम एकच. लोक कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करतात, म्हणजे हवा कशी वाहील, पाणी कसं वळेल, धुरातले कण कुठं जातील याची नक्कल करतात. ती नक्कल खरी आहे की नुसतीच रंगीत, हे आम्ही तपासतो. रीत साधी आहे. त्या सिम्युलेशनला आधी एक सोपा प्रश्न घालायचा, ज्याचं उत्तर कागदावर गणितानं काढता येतं. दोन्ही उत्तरं एकाच ग्राफवर काढायची. जुळली तर पुढचे अवघड प्रश्न सोडवायची परवानगी, नाही जुळली तर घरी जा.

ही फाईल होती भट्ट्यांच्या धुराच्या यंत्राची. भट्टीचा धूर एका लांब नळीतून सोडायचा. नळीत धुराचे बारीक कण एकमेकांवर आपटतात, चिकटतात आणि मोठे होतात. मोठे झाले की पुढची जाळी त्यांना पकडते. अगदी बारीक राहिले तर ते जाळीतून निसटतात आणि थेट भट्टीवाल्यांच्या छातीत जातात. तेव्हा नळीच्या शेवटी कोणत्या आकाराचे कण किती उरतात, या एका वितरणावर सगळं यंत्र उभं होतं. आणि ते वितरण काढलं होतं बोक्यानं.

बोका हे त्याचं नाव मी ठेवलेलं. अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्या लॅबमध्ये कामाला होते. तोंडावर आम्ही सगळे त्याला 'सर' म्हणायचो. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जग बघत नाही, हे ज्यानं कुणी म्हणून ठेवलंय त्यानं आमच्या सरांना नक्की पाहिलं असणार.

त्या लॅबमध्ये मी आठ महिने एका गणितामागे लागले होते. कण एकमेकांना चिकटतायत आणि त्याच वेळी काही कण नळीच्या भिंतीला लागून संपतायत, अशा वेळी किती वेळानं कोणत्या आकाराचे किती उरतील? मी त्याचं सूत्र काढलं. चौदा पानं, निळ्या शाईत. पानं सरांना दाखवली. ते म्हणाले, "ठेव इथं, बघतो." तीन महिन्यांनी ते सूत्र छापून आलं, सरांच्या नावानं. शेवटी आभार होते. माझंही नाव होतं तिथं. 'टंकलेखनास साहाय्य केल्याबद्दल.'

मी भांडले. चोर तो चोर, वर शिरजोर. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिला साधी बेरीज सांभाळता येत नाही, ही कसलं सूत्र काढतेय?" माझ्या नोकरीची मुदत संपत आली होती, ती वाढवली नाही. त्यानंतर दीड वर्ष मी घरी होते. मला कुणी विचारलं की आधी कुठं होतीस, तर मी सांगायचे नाही, कारण लोक सरांना फोन करायचे आणि सर फोनवर फार गोड बोलायचे. केसानं गळा कापणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

आता तो मोठा झाला होता. हे यंत्र मंजूर झालं की त्याला संस्थेचा संचालक करायचं ठरलं होतं. मंजुरीच्या आधी बाहेरच्या कुणीतरी तपासणी करायची असा नियम. आणि ते बाहेरचं कुणीतरी म्हणजे आम्ही.

आमच्या मालकीणबाईंना मी लगेच जाऊन सांगितलं. त्या बाईंपासून काही लपत नाही, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"जुनं काही आहे का त्याच्याशी?" त्यांनी विचारलं.

"आहे. भरपूर आहे."

"मग दुसऱ्या कुणाला देऊ?"

"द्या. पण ते सूत्र या कंपनीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ठीक. तू तपास. पण प्रत्येक आकडा आपला उंच्या पुन्हा तपासेल. आणि मंजुरी देणाऱ्या समितीपुढे तोंड उघडशील ते फक्त आकड्यांबद्दल. जुनी भांडणं तिथं काढलीस, तर परत येताना राजीनामा लिहून आण."

"कबूल," मी म्हणाले.

मालकीणबाईंना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. ते सूत्र चुकलेलं होतं. माझं सूत्र. चूक माझीच होती.

ती मला कळली सहा वर्षांपूर्वी, आणि तीही स्वयंपाकघरात. माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो आणि उरलेल्या वेळात एका टेबल टेनिस क्लबचा चिटणीस असतो. तो सामन्यांचं वेळापत्रक करत बसला होता. आठ खेळाडू, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. मी कांदा चिरता चिरता म्हणाले, "आठ जण, प्रत्येकाचे सात. छप्पन्न सामने."

"अगं, अठ्ठावीस," तो हसून म्हणाला. "तू प्रत्येक सामना दोनदा मोजलास. मी तुझ्याशी खेळलो म्हणजे तूही माझ्याशी खेळलीस की! एवढी शिकलेली बायको, आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. सुरी तशीच ठेवून मी कपाटातून माझी निळी पानं काढली. तिसऱ्या पानावर होती ती. दोन कणांची भेट मी दोनदा मोजली होती. याची त्याच्याशी एक, त्याची याच्याशी एक. तिथं एक अर्धा हवा होता, तो राहून गेला होता. त्यामुळे माझ्या सूत्रातले कण खऱ्यापेक्षा दुप्पट वेगानं मोठे व्हायचे. धुराचं एकूण वजन मात्र बरोबर यायचं, म्हणून ती चूक कुणाच्याच डोळ्यांत आली नाही. माझ्या नाही, छापणाऱ्यांच्या नाही. बोक्याच्या तर नाहीच नाही, कारण त्यानं ते सूत्र उचललं होतं, सोडवलं नव्हतं.

मी खूप हसले. नवऱ्याला वाटलं मला काहीतरी झालं. त्या दिवसापासून मी गप्प राहिले. चोरानं नेलेल्या पेटीत विंचू आहे, हे फक्त मला माहीत होतं. तो लेख आणखी कुणी वापरतंय का, हे मी दर महिन्याला बघायचे. दोघा-तिघांनी नुसता उल्लेख केला, वापरला कुणी नाही. कुणी वापरला असता तर मी सांगितलं असतं का? सांगितलं असतं असं मला वाटतं. शपथ मात्र घेणार नाही.

तर फाईल उघडली. पहिलाच ग्राफ होता सोप्या प्रश्नाचा. माझ्या सूत्राची रेष काळी, सिम्युलेशनचे ठिपके लाल. आणि एकूण एक लाल ठिपका काळ्या रेषेवर बसलेला.

इतरांच्या बाबतीत रेषा जुळली नाही की आम्ही संशय घेतो. इथं ती जुळली होती हाच गुन्हा. खरं सिम्युलेशन चुकीच्या सूत्राशी जुळेलच कसं? ठिपके कुणीतरी ढकलत ढकलत रेषेवर नेऊन बसवले होते.

त्यानं नुसते ग्राफ पाठवले होते. मी सगळ्या फायली मागितल्या. त्याच्या ऑफिसनं आठवडाभर टोलवाटोलवी केली, मग दिल्या. उंच्यानं आणि मी मिळून ते सिम्युलेशन आमच्या मशिनवर चालवलं. उंच्या हा आमचा सहा फूट दोन इंचांचा सहकारी, शब्द मोजून बोलतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "हे बघ."

फाईलमध्ये एक आकडा होता. नाव 'चिकटण्याचा गुणांक'. कण भेटले तर त्यातले किती चिकटतात, तो हा आकडा. सोप्या प्रश्नात प्रत्येक भेटीत कण चिकटतातच असं धरतात, म्हणून तो एक असायला हवा. तिथं होता एक पूर्णांक सत्त्याण्णव शतांश.

"एकाहून जास्त कसा असेल?" उंच्या म्हणाला. एका दमात एवढं बोलणं म्हणजे त्याला खरोखर धक्का बसला होता.

तो आकडा बदलून आम्ही एक केला. ठिपके झटक्यात रेषेवरून उतरले आणि बारीक कणांच्या बाजूला जाऊन बसले. मग सूत्रात मी राहून गेलेला अर्धा घातला. रेष मुकाट्यानं ठिपक्यांवर येऊन बसली.

बोक्यानं काय केलं होतं ते आता स्वच्छ दिसत होतं. त्याचं सिम्युलेशन आधी बरोबर होतं. ते सूत्राशी जुळेना, तेव्हा तो एक आकडा वाढवत गेला, जुळेपर्यंत. एक पूर्णांक सत्त्याण्णवपाशी थांबला. दोनाच्या इतक्या जवळ येऊनही त्याला शंका आली नाही की हा दोन आहे आणि तो कुठून आला. ज्यानं ते गणित स्वतः सोडवलं असतं, त्याच्या डोक्यात तिथंच दिवा लागला असता.

आता माझ्यापुढे अडचण होती. चूक दाखवणं सोपं. पण मला चूक दाखवायची नव्हती, मला माझं सूत्र परत हवं होतं. आणि बोलायचं होतं फक्त आकड्यांबद्दल. म्हणजे 'हे हिचं आहे' हे वाक्य त्याच्याच तोंडून यायला हवं.

पुढचं मी तीन रात्री मनाशी घोळवलं. मी अर्ध्याची चूक दाखवल्यावर तो दोनपैकी एक बोलू शकत होता. "चूक माझी. अकरा वर्षं माझ्या लक्षात आली नाही, माफ करा." असं म्हणाला असता तर तो सुटला असता. थोडी शरम, एक दुरुस्ती, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज. लोक म्हणाले असते, केवढा मनाचा मोठेपणा! आणि माझं सूत्र, चुकीसकट, कायमचं त्याच्या नावावर गेलं असतं. भला माणूस हेच बोलला असता. मी पैज लावली ती तो भला नाही यावर.

समितीची खोली लांबट होती, मध्ये टेबल, एका भिंतीला पांढरा फळा. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, आयुष्यभर धरणांचं पाणी मोजलेल्या. त्यांच्या शेजारी भट्ट्यांचा एक जाडजूड इंजिनिअर आणि कोपऱ्यात कामकाज लिहून घेणारा कारकून. उंच्या माझ्या मागे. बोका समोर बसला होता, वजन वाढलेलं, सूट नवा. त्यानं मला ओळखलं आणि मान हलवली, जुन्या मोलकरणीला हलवावी तशी.

मी सुरुवात कौतुकानं केली. "सोप्या प्रश्नात जुळणी उत्तम आहे. इतकी चांगली मी क्वचित पाहिली." बोक्यानं डोळे मिटले. "सर, ज्या सूत्राशी ती जुळते, ते कुणाचं?"

"माझं," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी मी छापलंय. त्यातली ओळ न् ओळ मी स्वतः तपासलीय."

कारकुनाची बोटं चालली. मी वाट बघितली, त्याला पूर्ण लिहू दिलं.

"आणि हा चिकटण्याचा गुणांक, एक पूर्णांक सत्त्याण्णव, कसा ठरवला?"

"अनुभवानं. अशा गोष्टी अनुभवानं ठरवाव्या लागतात, बाई."

"याचा अर्थ, शंभर भेटींत एकशे सत्त्याण्णव वेळा कण चिकटतात. बरोबर?"

जाडजूड इंजिनिअर फिस्सकन हसला. "शंभर भेटी आणि एकशे सत्त्याण्णव लग्नं? भलतंच उरकतंय की!"

"तो एक तांत्रिक गुणांक आहे," बोका म्हणाला. "सूत्राशी जुळतंय म्हणजे बरोबरच आहे. सूत्र हा पुरावा आहे."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "सूत्रच चुकलं असेल तर?"

मी फळ्याशी गेले. तीन टिंबं काढली. त्यांना जोडणाऱ्या रेघा काढल्या. "हे तीन कण. भेटी किती? मोजा. तीन. आता सूत्राची तिसरी पायरी बघा. तिच्यानुसार होतात सहा. प्रत्येक भेट दोनदा मोजलीय. इथं एक अर्धा राहून गेलाय." मग मी दोन्ही ग्राफ पडद्यावर लावले, अर्ध्याशिवाय आणि अर्ध्यासकट. "गुणांक एक ठेवला आणि अर्धा घातला तर सगळं जुळतं. मात्र मग जाळीतून निसटणारे बारीक कण रिपोर्टमध्ये आहेत त्याच्या जवळजवळ तिप्पट होतात. आमच्या उंच सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तपासलंय."

"तिप्पट," उंच्या म्हणाला.

इंजिनिअरचं हसू गेलं.  बोका फळ्यावरच्या तीन टिंबांकडे बघत होता. त्याला कळलं होतं. मूर्ख तो कधीच नव्हता.  माझी अकरा वर्षं त्याच्या पुढच्या एका वाक्यावर टांगलेली होती. तो भल्या माणसासारखा वागला तर मी मेले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला, पळवाट सापडलेल्या माणसाचा उजळतो तसा.

"अध्यक्षबाई," तो म्हणाला, "आता सांगायलाच हवं. ही चूक माझी नाही. ही बाई तेव्हा माझ्या लॅबमध्ये होती. हे सूत्र हिनं काढलंय. चौदा पानं लिहून आणली होती. मी विश्वास ठेवला आणि छापलं, हीच माझी चूक. आज तीच येऊन मला तिची स्वतःची चूक दाखवतेय!" त्यानं टेबलावर हात आपटला. "विचारा तिला. नाकारू दे."

 अकरा वर्षं मी हे वाक्य नाना आवाजांत मनात ऐकलं होतं, पण इतक्या मोठ्या आवाजात कधीच नाही.

"तुम्ही काढलंत हे सूत्र?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "सगळं माझं आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चूकही माझीच. कृपया हे लिहून घ्या."

कारकुनानं बोक्याकडे पाहिलं. "साहेब, मघाशी तुम्ही माझं म्हणालात, ओळ न् ओळ तपासलीय म्हणालात. ते राहू दे, की हे?"

"दोन्ही राहू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "सूत्र यांचं. चुकलेलं. मान्य. आता मला एवढंच सांगा, तुमचं सिम्युलेशन त्या चुकलेल्या सूत्राशी तंतोतंत जुळलं कसं?"

बोक्यानं फाईल पुढे ओढून पानं उलटली. पळवाट म्हणून तो ज्या दारातून बाहेर पडला होता, त्याच्या पलीकडे भिंत होती. बरोबर सिम्युलेशन चुकीच्या सूत्राशी जुळवायचं तर ते हातानंच वाकवावं लागतं, हे आता इंजिनिअरलाही समजलं होतं. तो पुढे झुकून म्हणाला, "माझी माणसं त्या भट्ट्यांवर काम करतात हो." त्याचा आवाज फाटला होता, आणि त्या क्षणी मला बोक्याचा नाही, माझाच जरा राग आला. पण तो टिकला नाही.

मंजुरी नाकारली गेली. अध्यक्षबाईंनी प्रकरण चौकशीकडे पाठवलं. संचालकपदाचं कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती.

बाहेर येऊन मी मालकीणबाईंना फोन केला. त्यांना उंच्यानं आधीच कळवलं होतं. "फक्त आकड्यांबद्दल बोललीस म्हणे."

"हो."

"आता सगळीकडे बोभाटा होईल की आपली तपासणारीच भेटी दोनदा मोजते. निदान वर्षभर तुझी सही रिपोर्टवर चालणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"हे तू ठरवून केलंस?"

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

बोका जिन्यापाशी उभा होता. सुटाची बटणं उघडी, हातात ती फाईल. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माझी वाट बघत होता. मी जवळ गेले.

"एवढं सहज फळ्यावर काढलंस," तो म्हणाला. "तुला आधीपासून माहीत होतं."

"सहा वर्षं."

"सहा वर्षं!" तो ओरडला. "माणसं मेली असती. माझं सगळं गेलं. चूक माहीत होती तर सांगायचं नाही का? एक चिठ्ठी? एक फोन?"

"मी कशी सांगणार, सर?" मी म्हणाले. "ते सूत्र तर तुमचं होतं ना."